अल्सरचा जंतू आणि चौदा दिवसांच्या गोळ्या

पोटाच्या दुर्बिणीच्या रिपोर्टवर ‘ड्युओडेनल अल्सर, आरयूटी पॉझिटिव्ह’, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीला जखम आणि युरिएजच्या झटपट तपासणीत तिचा जंतू सापडला, असं आलं की पेशंटचं म्हणणं ठरलेलं असतं: कारण सापडलं ना, मग गोळ्या लिहून द्या. लिहायला दोन मिनिटंही लागत नाहीत. तरी आम्ही त्या दिवशी चांगला अर्धा तास घेतो आणि पुष्कळदा कोर्स त्याच दिवशी सुरू करत नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू पहिल्या कोर्सला जितका सहज जातो तितका पुढच्या कोर्सला जात नाही. अर्धवट मार खाल्लेला जंतू त्या औषधाला सरावतो, मग तीच गोळी पुन्हा दिली तरी उपयोग होत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे ‘अल्सर परत झाला’ म्हणून येणारे पेशंट बघितले की गडबड बहुधा पहिल्याच कोर्समध्ये सापडते.

आधी निदानाचं बघू. दुर्बीण टाकताना जठराच्या खालच्या आणि मधल्या अशा दोन्ही भागांतून दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे घेतात. त्यातला एखादा पिवळ्या जेलमध्ये टाकला की रंग बघायचा. जेलमध्ये युरिया असतो. जंतूकडे युरिएज हे एन्झाइम भरपूर असतं, ते युरिया फोडून अमोनिया तयार करतं आणि पिवळ्याचं गुलाबी होतं. जंतू भरपूर असले तर पेशंट टेबलावरून उठायच्या आत रंग बदललेला दिसतो. मात्र किटवर दिलेली वेळ उलटून गेल्यावर आलेला गुलाबी रंग धरायचा नाही, तो दुसऱ्या जंतूंमुळेही येतो.

खरी फसगत निगेटिव्ह रिपोर्टमध्ये होते. आपल्याकडे दुर्बिणीपर्यंत पोचलेला माणूस बहुधा महिनाभर रोज सकाळी पॅन्टोप्राझोल घेऊनच आलेला असतो. ॲसिडची गोळी चालू असली की जंतू कमी होतात, वरच्या भागात सरकतात आणि तपासणीत सापडत नाहीत. अल्सरमधून रक्त गेलेलं असलं तरीही तेच. म्हणून तपासणीच्या २ आठवडे आधी ॲसिडची गोळी बंद हवी आणि ४ आठवडे आधीपासून अँटिबायोटिक किंवा बिस्मथ (या जंतूवरचंच आणखी एक औषध) पोटात गेलेलं नको. रक्तस्राव झालेल्या माणसाला इतकं थांबवता येत नाही. त्याची दुर्बीण लगेच करावी लागते, आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं. रक्तातली अँटिबॉडीची तपासणी इथे फारशी कामाची नाही. जंतू गेल्यावरही ती महिनोन्‌महिने पॉझिटिव्ह राहते, त्यामुळे आजार आत्ता आहे की पूर्वी होता हे तिच्यावरून कळत नाही.

रात्री दोन-तीनला पोटात कळ येऊन जाग येणं आणि भाकरीचा तुकडा खाल्ला की बरं वाटणं, ही ड्युओडेनल अल्सरची ठरावीक तक्रार. “पोटमा आग पडी ऱ्हायनी” असं म्हणत येणाऱ्या प्रत्येकाला अल्सर नसतो, हेही खरं. पण डांबरासारखी चिकट काळी संडास, सकाळचं खाल्लेलं संध्याकाळी उलटून पडणं, वजन उतरणं, किंवा एकदम सुरी खुपसल्यासारखं दुखून पोट फळीसारखं कडक होणं, यांपैकी काही असेल तर कोर्स वगैरे बाजूला ठेवून आधी हॉस्पिटल. शेवटचं लक्षण अल्सर फुटल्याचं असतं आणि तिथे तासांवर हिशेब असतो.

आता त्या अर्ध्या तासाकडे. त्यातला मोठा भाग एकाच चौकशीत जातो: मागच्या दोन-तीन वर्षांत कोणकोणत्या अँटिबायोटिक खाल्ल्या? नावं कुणालाच सांगता येत नाहीत. म्हणून पुढच्या वेळी औषधांची पिशवी घेऊन या म्हणतो. घरोघरी खुंटीला नाहीतर फ्रिजवर एक कॅरीबॅग असते. तिच्यात अर्धवट फाडलेली पाकिटं, जुन्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिलं सगळं सापडतं. तीन गोळ्यांचं पाकीट, रोज एक, घसा दुखत होता तेव्हा घेतलेलं, असं असेल तर ते बहुधा अझिथ्रोमायसिन. ते आणि क्लॅरिथ्रोमायसिन एकाच घराण्यातलं. एकाला दाद न देणारा जंतू दुसऱ्यालाही देत नाही. दर हिवाळ्यात खोकल्यासाठी हे पाकीट घेणाऱ्या माणसाला क्लॅरिथ्रोमायसिनचा कोर्स देणं म्हणजे पैसे पाण्यात. जुलाब लागले की मेडिकलवरून आणलेली ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलची किंवा नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडॅझोलची जोडगोळी तर खान्देशात पावसाळाभर चालू असते. तिच्यामुळे मेट्रोनिडॅझोलचा गटही बोथट होतो आणि लिव्होफ्लॉक्सासिनचाही. अमॉक्सिसिलिन, टेट्रासायक्लिन आणि बिस्मथ यांना मात्र हा जंतू सहसा सरावत नाही. जंतू वाढवून औषधांची चाचणी करायची सोय इकडे सहज मिळत नाही. तेव्हा या कॅरीबॅगेइतकी कामाची तपासणी दुसरी नाही, आणि ती फुकट आहे.

कोर्स मुख्यतः दोन. पहिला तीन औषधांचा: ॲसिडची गोळी दोनदा, अमॉक्सिसिलिन १ ग्रॅम दोनदा, क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिलीग्रॅम दोनदा. दुसरा बिस्मथचा, चार औषधांचा: ॲसिडची गोळी दोनदा, बिस्मथ सबसिट्रेट १२० मिलीग्रॅम चारदा, टेट्रासायक्लिन ५०० मिलीग्रॅम चारदा, मेट्रोनिडॅझोल ४०० मिलीग्रॅम चारदा. दोन्ही १४ दिवस. क्लॅरिथ्रोमायसिन लागू पडेल याची खात्री नसेल तर बिस्मथवालाच आधी द्यावा, असा सल्ला अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत दिला आहे. अशी खात्री आपल्याकडे जवळजवळ कधीच नसते. मेट्रोनिडॅझोलला थोडा सरावलेला जंतूही या कोर्समध्ये बऱ्याचदा जातो, कारण मात्रा मोठी असते आणि जोडीला बिस्मथ असतं. म्हणून मेट्रोनिडॅझोल चाराऐवजी तीनदा किंवा दोनदा केलं की कोर्सचा कणाच मोडतो.

मेडिकलवर तयार ‘किट’ मिळतात, एका पाकिटात एका दिवसाच्या गोळ्या. सोयीचे आहेत, पण मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय घेऊ नयेत. क्लॅरिथ्रोमायसिन २५० आहे की ५००, अमॉक्सिसिलिन आहे की त्याच्या जागी टिनिडॅझोल, हे बघायचं. क्लॅरिथ्रोमायसिन २५० आणि टिनिडॅझोल असलेलं किट सात दिवस घेऊन आलेले पेशंट आम्हाला नेहमी भेटतात. पोट दुखायचं थांबलेलं असतं, जंतू आहे तिथेच असतो.

टेट्रासायक्लिनची गंमत वेगळी. औषध जुनं, स्वस्त, आणि नेमकं म्हणूनच तालुक्याच्या ठिकाणी कुणी ठेवत नाही. मग मेडिकलवाला ‘त्याच घराण्यातलं’ म्हणून डॉक्सीसायक्लिन देतो. घराणं तेच, पण या जंतूवर डॉक्सीसायक्लिनचा कोर्स कमी पडतो. आम्ही आधी १४ दिवसांची टेट्रासायक्लिन हातात आल्याची खात्री करतो, मग सुरुवातीचा दिवस ठरवतो. ५००ची कॅप्सूल मिळाली तर दिवसाला १४ गोळ्या, पंधरवड्याच्या १९६. २५०ची मिळाली तर दिवसाला १८. एवढा ढीग बघून माणूस घाबरतो, म्हणून आकडा आधीच सांगून टाकलेला बरा.

कोणती ॲसिडची गोळी हेही बघावं लागतं. सगळ्यांच्या तोंडी पॅन्टोप्राझोल, पण या कामाला ती कमजोर आहे. तिच्या ४० मिलीग्रॅमची ताकद ओमेप्राझोलच्या साधारण ९ मिलीग्रॅमइतकी धरली जाते. रॅबेप्राझोल २० किंवा इसोमेप्राझोल ४० दोनदा दिलेलं चांगलं. पोटातलं आम्ल पुरेसं उतरलं तरच जंतू वाढीला लागतात, आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅरिथ्रोमायसिन वाढत्या जंतूलाच मारतात. आणखी एक सवय मोडावी लागते. पॅन्टोप्राझोल आणि डोमपेरिडोनची एकत्र कॅप्सूल पुष्कळांना चालू असते. क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर डोमपेरिडोन चालत नाही, हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

क्लॅरिथ्रोमायसिनची भांडणं बऱ्याच औषधांशी आहेत. कोलेस्टेरॉलची सिमव्हास्टॅटिन किंवा ॲटोरव्हास्टॅटिन कोर्सपुरती थांबवावी लागते, नाहीतर स्नायूंना इजा होऊ शकते. ग्लिमेपिराइड घेणाऱ्याची शुगर एकदम खाली येऊ शकते. वाताच्या त्रासासाठी कोल्चिसिन चालू असेल तर हा कोर्स द्यायचाच नाही. वॉरफेरिनवाल्याच्या रक्ताचं पातळपण मेट्रोनिडॅझोलनेही वाढतं. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर अमॉक्सिसिलिन बाद. बिस्मथच्या कोर्समध्ये ते नसतं, त्यामुळे अशांना तो सोयीचा. किडनी अधू असेल तर बिस्मथ नको. गरोदर बाईला टेट्रासायक्लिन चालत नाही, तिचा कोर्स बाळंतपणानंतर ठरवायचा.

रोजचं वेळापत्रक कागदावर सोपं दिसतं: ॲसिडची गोळी सकाळी आणि संध्याकाळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी, बाकीच्या तीन गोळ्या नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण आणि झोपताना. आता हे शेतावरच्या माणसाला लावून बघा. रात्री आठला जेवण आणि नऊला आडवं, म्हणजे दोन डोस तासाभरात. शिवाय टेट्रासायक्लिन घेऊन लगेच आडवं झालं की कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटते आणि तिथेच जखम करते; मग छातीत असं दुखतं की माणूस हार्ट अटॅक समजतो. आम्ही झोपतानाचा डोस काढून संध्याकाळी पाचला आणतो: सकाळी आठ, दुपारी बारा-साडेबारा, संध्याकाळी पाच, रात्री साडेआठ. प्रत्येक वेळी पोटात काहीतरी घालून, ग्लासभर पाण्याबरोबर, आणि शेवटच्या डोसनंतर निदान तासभर पाठ टेकायची नाही. केळीला पाणी भरायला रात्रीची लाईट असेल आणि माणूस दिवसा झोपत असेल, तर घड्याळ विसरून जायचं. त्याचं पहिलं जेवण म्हणजे त्याची सकाळ. ॲसिडची गोळी त्याआधी.

पाचच्या डोसला अडचण चहाची येते. दुधातलं कॅल्शियम टेट्रासायक्लिनला धरून ठेवतं आणि औषध रक्तात जात नाही. दुधाचा चहा, ताक, दही, शिकरण, तसंच कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या, पांढरं अँटासिड सिरप, सगळं डोसपासून दोन तास लांब. केळं नुसतं खाल्लं तर काही बिघडत नाही. ते दुधात कुस्करलं की बिघडतं. पाचला मुरमुरे किंवा भाकरीचा तुकडा खाऊन गोळी, आणि चहा त्याआधी तीनला, असं बसवून दिलं की लोक पाळतात. चहा बंद करा म्हटलं की गोळीच बंद होते.

पहिल्या दोन-तीन दिवसांतच फोन सुरू होतात. तोंड कडू पडलं, जिभेवर तांब्याची चव येते: हे मेट्रोनिडॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन दोघांचंही. चालवून घ्यायचं, कोर्स संपला की जातं. लघवी लालसर-तपकिरी दिसते, तीही मेट्रोनिडॅझोलमुळे. जीभ आणि संडास काळी, ते बिस्मथमुळे. यातला फरक सुरुवातीलाच सांगावा लागतो. बिस्मथची काळी संडास नेहमीसारखी बांधून येते, वास नेहमीचाच. रक्ताची काळी संडास डांबरासारखी चिकट आणि चमकदार, पाणी टाकलं तरी भांड्याला धरून राहणारी, आणि तिचा उग्र वास संडासाबाहेर येतो. सोबत घाम, चक्कर, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी असेल तर गोळीला दोष देत बसू नये, लगेच निघावं.

दिवसाला तीन-चार पातळ संडास होत असतील तर पाणी, लिंबू-मीठ-साखर, ओआरएस, आणि कोर्स चालू. रक्त-आव पडायला लागली, ताप आला किंवा अंगावर पित्तासारखे चट्टे उठले तर मात्र थांबून विचारायचं. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर पुढच्या डोसचं काय करायचं तेही विचारूनच. आपल्या मनाने दुप्पट घ्यायची नाही.

दारूबद्दल आडपडदा ठेवून चालत नाही. मेट्रोनिडॅझोलवर दारू प्यायली तर चेहरा लाल होणं, धडधड, भडाभडा उलट्या असा त्रास होऊ शकतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत मोहाची चालते. ‘ती कुठे दारू’ असं कुणी समजू नये. कोर्सभर नाही आणि शेवटच्या गोळीनंतरही तीन दिवस नाही. विडी, सिगारेटने कोर्स फसण्याची शक्यता वाढते. पंधरा दिवस तरी तोडा म्हणतो, काही जण ऐकतात.

सुरुवात कधी करायची हे कॅलेंडर बघून ठरवतो. टेट्रासायक्लिनमुळे कातडी उन्हाने लवकर भाजते, आणि भुसावळ-जळगावच्या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो. त्या दिवसांत कोर्स द्यावाच लागला तर पूर्ण बाह्यांचा सदरा, रुमाल, आणि दुपारची शेतातली कामं दुसऱ्यावर. त्याच दिवसांत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सासुरवाशीण माहेरी जाते, गोळ्यांची पिशवी सासरी राहते, आणि पाच-सहा दिवसांचा खंड पडतो. श्रावणातले उपास, कानबाई, नवरात्र यांतही रिकाम्या पोटी गोळ्या घेऊन मळमळ होते आणि माणूस ‘सणापुरत्या’ गोळ्या थांबवतो. अल्सरमधून रक्त गेलेलं नसेल तर आठ-दहा दिवस उशिरा सुरू करून चालतं, तोवर नुसती ॲसिडची गोळी देऊन दुखणं आटोक्यात राहतं. मधे तुटलेला कोर्स जोडता येत नाही. एखादा डोस चुकला तर आठवताच घेऊन पुढे जावं. सलग दोन-तीन दिवस गेले असतील तर उरलेल्या गोळ्या परस्पर संपवत बसू नये, येऊन भेटावं.

मिरचीवर सगळ्यांचाच राग. शेवभाजी, ठेचा, भरीत, हे खाऊन अल्सर होत नाही. ओल्या जखमेवर तिखट झोंबतं एवढंच, तेव्हा झोंबेल ते काही दिवस कमी करावं. थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं आणि मग आम्ल पुन्हा वाढतं. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी ऑस्ट्रेलियात पर्थला १९८२ साली हा जंतू वाढवून दाखवला, २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. त्याआधी जगभर अल्सरवर दूध, पथ्य, आम्ल कमी करणारी औषधं आणि ऑपरेशन हेच होतं. आपल्याकडच्या सत्तरी ओलांडलेल्या काही म्हाताऱ्यांच्या पोटावर बेंबीच्या वर अजून ती उभी शिवण दिसते. मिरचीपेक्षा कंबर आणि गुडघ्यासाठी चालू असलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या कितीतरी जास्त घातक, आणि त्यांची चौकशी कुणी करत नाही.

कोर्स संपतो, दुखणं थांबलेलं असतं, आणि इथेच बहुतेक पेशंट यायचे थांबतात. दुखणं ॲसिडच्या गोळीनेही थांबतं. जंतू गेला की नाही ते त्यावरून कळत नाही. शेवटच्या अँटिबायोटिकनंतर किमान ४ आठवडे थांबून, त्यातले शेवटचे २ आठवडे ॲसिडची गोळी बंद ठेवून तपासायचं. या दोन आठवड्यांत जळजळ उसळते, कारण गोळी बंद झाल्यावर पोट काही दिवस जास्तच आम्ल करतं. तेवढ्यापुरतं फॅमोटिडिन किंवा साधं अँटासिड चालतं. तपासणीच्या आदल्या दिवशी तेही नको.

तपासणी श्वासाची किंवा संडासची. श्वासाच्या तपासणीला सहा तास उपाशी राहून खुणेचा कार्बन असलेला युरिया प्यायचा किंवा त्याची कॅप्सूल गिळायची. जंतू असेल तर तो युरिया फोडतो आणि तोच कार्बन श्वासात निघतो. ही सोय मोठ्या शहरातच. संडासमधल्या अँटिजेनची तपासणी नमुना पाठवून करता येते, पण धडगाव-अक्कलकुव्याहून डबी साध्या पिशवीत घालून एसटीने आणली तर उन्हात तिचा निकाल भरवशाचा राहत नाही. बर्फाच्या डब्यात, २ ते ८ अंशांत, त्याच दिवशी पोचवायची. जुलाब चालू असताना नमुना देऊ नये.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर पहिल्या कोर्समधलं क्लॅरिथ्रोमायसिन पुन्हा वापरायचं नाही. आधी तीन औषधांचा कोर्स झाला असेल तर आता बिस्मथचा. बिस्मथवाला नीट घेऊनही फसला असेल तर लिव्होफ्लॉक्सासिन-अमॉक्सिसिलिनचा विचार होतो, आणि तिथे आम्ही थबकतो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं यांपैकी काही असेल तर आधी बेडका तपासून टीबी नाही याची खात्री. लिव्होफ्लॉक्सासिनने टीबीची लक्षणं काही दिवस दबतात, निदान लांबतं, आणि टीबीच्याच उपचारात लागणारं एक औषध बोथट होतं. रिफाब्युटिन या टीबीवरच्याच औषधाचा कोर्स पुस्तकात असतो. आपल्याकडे त्याच कारणासाठी तो शक्यतो टाळतात. तिसऱ्यांदा औषध द्यायची वेळ आली तर पोटविकारतज्ज्ञाकडेच पाठवावं.

रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि अल्सर साधा होता, तर ॲसिडची गोळी चालू ठेवायचं कारण उरत नाही. ड्युओडेनल अल्सरला पुन्हा दुर्बीणही सहसा लागत नाही. जठरातल्या अल्सरला लागते, कारण तिथे कॅन्सर लपलेला असू शकतो. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असलेल्यांचं मात्र वेगळं. ती आपल्या मनाने बंद करायची नाही, आणि अल्सरमधून पूर्वी रक्त गेलेलं असेल तर जंतू गेल्यावरही ॲस्पिरिनच्या सोबत ॲसिडची एक गोळी रोज चालूच राहते.